डाव्या डोळ्याखालचा भोवरा

मी लग्नात घोडी धरतो आणि मला घोड्याची भीती वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इतिहासाच्या सरांनी कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिहून मागितला तेव्हा मी म्हणालो, "सर, ते मोठी माणसं लिहितात, निवृत्त झालेली. मी तीनच लग्नसराया काढल्यात." सर म्हणाले, "भीती वाटते म्हणतोस ना? मग तेवढंच लिही." म्हणून लिहितो आहे. आमच्या घरात एवढं लांब लिहिणारा मी पहिलाच. कुठे अडखळलो तर समजून घ्यावं.

आमचं गाव पोखर्णीपासून जवळ. नरसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरूनच जातात. आमच्या घरात चार पिढ्या घोडा आहे, पण प्रत्येक पिढीच्या घोड्याचं काम वेगळं. पणजोबा देशमुखांच्या पागेत मोतद्दार होते. म्हणजे घोड्याचं अंग घासायचं, त्याला हरभऱ्याची चंदी चारायची आणि मालक बसेपर्यंत लगाम धरून उभं राहायचं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, परभणी स्टेशनवर टांगा हाकला. रिक्षा आल्या आणि टांगा बंद पडला. अण्णांनी, म्हणजे वडलांनी, लग्नाची घोडी पाळली. पणजोबांच्या काळी दारातल्या घोड्यावरून माणसाची पत कळायची, आबांच्या काळी घोड्यावर घर चालायचं. आता घोड्याला जानवशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथून, मारुतीपर्यंतचं काम उरलंय. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्याला परण्या म्हणतात. तेवढ्या रस्त्यापुरता नवरदेव राजा आणि तेवढ्यापुरते आम्ही त्याचे मोतद्दार.

वर्गात सर घोडदळ शिकवतात. अरबस्तानातून जहाजांत भरून घोडे यायचे, डोंगरातली बुटकी तट्टं त्यांच्यापेक्षा जास्त तग धरायची, एका चांगल्या घोड्यापायी सरदार एकमेकांशी वैर धरायचे, असं बरंच काही. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा, हा फरक परीक्षेला हमखास येतो. घोडा धरून उभ्या राहणाऱ्यावर प्रश्न येत नाही. मी एकदा भीत भीत सरांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्यांच्याविषयी कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही रे."

आमच्या घोडीचं नाव पाखरी. ती नुकरी आहे, म्हणजे दुधासारखी पांढरी आणि नाकपुड्यांशी गुलाबी. लग्नाला असलीच घोडी लागते आणि असली घोडी आमच्या ऐपतीतली नसते. तरी अण्णांनी माळेगावच्या जत्रेतून ती स्वस्तात आणली. का स्वस्तात मिळाली, ते आबांना पहिल्या मिनिटाला कळलं.

पिकअपमधून घोडी उतरवली तेव्हा आबा बाजेवरून उठले. तिच्याभोवती एक फेरी मारून ते तिच्या डाव्या बाजूला थांबले.

"आसूढाळ हाय," आबा म्हणाले.

"असू द्या. गळ्याखाली देवमण बी हाय की," अण्णा म्हणाले. "देवमण असला की बाकीचं समदं माफ असतंय."

आबांनी वाकून पाहिलं. "त्यो देवमण न्हाई. यापाऱ्यानं तेल लावून केस फिरवलेत. धू तिला, मंग बघ."

मायने दुसऱ्या दिवशी घोडीला धुतलं. देवमण पाण्याबरोबर गेला. आसूढाळ राहिला.

हे न कळणाऱ्यांसाठी सांगतो. घोडा घेताना जुनी माणसं दात पाहतात, पाय पाहतात, चाल पाहतात, पण त्याआधी अंगावरचे केसांचे भोवरे पाहतात. कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ, हे त्यांना पाठ असतं. गळ्याखालचा देवमण सगळ्यांत चांगला. डोळ्यातून आसू ओघळेल त्या जागेवर भोवरा असला तर तो आसूढाळ, सगळ्यांत वाईट. असला घोडा मालकाला रडवतो, कधी खातोही, असं म्हणतात. घोडदळाच्या काळापासून असे घोडे लोक नाकारत आले आहेत. मग लग्नाच्या घोडीला तो चालायचा कसा?

अण्णांनी उपाय काढला. लाल लोकरीचे दोन मोठे गोंडे आणले आणि मोहरकीच्या, म्हणजे तिच्या तोंडावरच्या साजाच्या, गालपट्टीला दोन्ही बाजूंनी शिवून टाकले. एकाच बाजूला लावला असता तर कुणी विचारलं असतं. डावा गोंडा बरोबर भोवऱ्यावर यायचा. "झाला की नाही देखणा थाट?" अण्णा म्हणाले. आबा बाजेवर जाऊन बसले. पण ज्या माणसाने सगळं आयुष्य घोड्याच्या पाठीवर हात ठेवून काढलं, त्याने पाखरीला त्या दिवसापासून हात लावला नाही.

पुढच्या सराईत एका लग्नात डीजेचं ट्रॅक्टर मागे आलं आणि अण्णांचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली सापडला. पाखरी बाजूला उभी होती. तिचा काही संबंध नव्हता. हे मी स्वतःला अजूनही सांगत असतो. अण्णांचा गुडघा आता वाकत नाही. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा आबांनी एकदा अण्णांच्या पायाकडे आणि एकदा पाखरीकडे पाहिलं. बोलले असते तर मी भांडलो असतो. ते बोललेच नाहीत, म्हणून ती भीती माझ्यात राहून गेली. अण्णा रात्री खोकले की माझी नजर गोठ्याकडे जाते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, असल्या गोष्टी मानू नयेत हे मला कळतं. कळतं, पण नजर जाते.

असं माझ्याकडे काम आलं. घोडी धरायची म्हणजे तिच्या डाव्या बाजूने चालायचं. सगळे तसंच चालतात आणि घोड्यालाही तीच सवय असते. उजव्या हातात हनुवटीखालचा लगाम, डाव्या हातात त्याचं टोक. नजर तिच्या कानांवर. कान मागे जाऊन मानेला चिकटले की समजायचं, आता लाथ तरी येणार नाहीतर पुढचे पाय तरी उचलले जाणार. डावा कान आपल्याकडे वळलेला असला तर ती आपलं ऐकते आहे. तो कान वळलेला ठेवायचा. त्यासाठी सतत बोलत राहावं लागतं. अण्णा तिला शिव्या द्यायचे, त्याही अशा मायेने की ऐकणाऱ्याला अंगाई वाटावी. मला ते जमत नाही. माझ्या पहिल्या परण्यात पुढे डीजे, मागे बायका आणि पायांजवळ फटाक्यांची माळ. तोंडातून निघालं ते अभ्यासातलं. "बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारचा. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा." पाखरीचा कान वळला. तेव्हापासून मी तिला इतिहासच सांगतो.

वर बसलेल्यांना हे ऐकू जातं. एक नवरदेव नुकताच पोलिसात भरती झालेला, छाती ही एवढी. मुंडावळ्यांच्या आडून त्याने हळूच विचारलं, "भाऊ, कसला मंतर म्हणायलाव?"

"मंतर नाही. अभ्यास."

"बरं बरं. चावती का ही?"

"नाही."

"मंग तुमी कामून एवढे घामाघूम?"

"ऊन आहे."

"व्हय, ऊन लय हाय," तो म्हणाला आणि मारुती येईपर्यंत त्याने माझा खांदा सोडला नाही.

दुसऱ्या एका नवरदेवाला रील काढायची होती. त्याचे मित्र म्हणाले, घोडी दोन पायांवर उभी करा, ड्रोन वर गेलाय. मी म्हणालो, तिचं पोट बिघडलंय. खरं तर बिघडलं होतं माझं.

पाखरीला नाल मारतात त्या चाचांना मी एकदा मनातलं सांगितलं. नाल मारताना ती बिथरते, म्हणून चाचा खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, तिच्या डोळ्यांवर टाकतात. मग ती गप्प उभी राहते. चाचा खिळा ठोकता ठोकता म्हणाले, "उसकू भी तेरा डर हैच ना बेटा. दोनो मिलके डरो."

या सगळ्या भीती रोजच्या. खरी भीती एकच होती. कुणाला गोंड्याखालचं दिसलं तर बोभाटा होणार, मग कुणी बोलावणार नाही, आणि पाखरीला विकावं लागणार. असल्या खुणेचा घोडा एका हाती टिकत नाही. कळलं की पुढचा त्याला विकतो, त्याला कळलं की त्याच्या पुढचा. शेवटी कुठल्यातरी वीटभट्टीवरच्या गाड्याला.

गेल्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यात, बोरीच्या पलीकडच्या एका गावात आमचा परण्या होता. गावाचं नाव लिहीत नाही. जानवसा शाळेत होता. पाखरीवर झूल टाकत होतो, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा फेटा, हातात काठी. नवरदेवाचे मामा. सगळं वऱ्हाड त्यांना मामाच म्हणत होतं.

"किती दाती हाय?" त्यांनी विचारलं आणि मी उत्तर देण्याआधी तिचा ओठ वर करून पाहिलासुद्धा. घोडा न कळणाऱ्या माणसाची मला भीती नव्हती, तो गोंडे पाहून खूश होतो. घोडा कळणारा माणूस वाईट.

"आमच्या गावाला रस्ता न्हवता तवा पावसाळ्यात घोडंच," मामा सांगू लागले. त्यांचा हात तिच्या पायांवरून खाली गेला, परत वर आला, मानेवर थांबला. "काळ्या रानात बैलगाडी रुतून बसायची. माझ्या मायला दवाखान्यात नेलं ते घोड्यावर. पाठीमागं बसून धरून ठिवलं व्हतं मी तिला. ते घोडं गेलं तवा घरात दोन दिस चूल पेटली न्हाई." त्यांनी पाखरीची मान थोपटली. "जनावर लाखात एक हाय बग. तू शिकतूस का?"

"हो, बी.ए. करतोय."

"मंग घोडी कामून धरतूस? बाप कुठं गेला?"

"अण्णांना काम आहे," मी म्हणालो.

मामांचा हात गालपट्टीपाशी आला. मी उगाच झुलीची गाठ सोडून परत बांधू लागलो. तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

परण्या निघाला. नवरदेवाच्या पुढ्यात त्याच्या बहिणीची चार वर्षांची लेक बसली होती, स्वरा. तिने आयाळ दोन्ही मुठींत धरली होती. ऊन रणरणत होतं. ट्रॅक्टरवरच्या डीजेचा ठोका छातीत बसत होता. पोरं घोडीच्या तोंडापुढेच नाचत होती. हाताला एवढा घाम सुटला की लगाम निसटायला लागला, म्हणून मी तो मनगटाला गुंडाळला. अण्णांनी पहिल्या दिवशी हेच करू नको म्हणून सांगितलं होतं. घोडी उधळली तर माणूस फरफटत जातो.

घामाने डाव्या गोंड्याचा दोरा सैल झाला होता. प्रत्येक पावलाला गोंडा तिच्या डोळ्यावर आपटत होता आणि ती मान झटकत होती. नीट करायचा तर उचलावा लागणार. उचलला तर दिसणार. मी बारगीर आणि शिलेदार म्हणत राहिलो.

"आरं, ते गोंडं डोळ्यात जायलंय तिच्या." मामा माझ्या शेजारी आले होते.

"राहू द्या मामा, मी करतो."

"तू धर. मी करतो."

त्यांनी गोंडा ओढला आणि तो त्यांच्या हातात आला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाखरीच्या कानाकडे पाहत राहिलो. पण शेजारची काठी थांबलेली मला कळली. आधी ते हळू म्हणाले, "आसूढाळ." मग मोठ्याने, "डीजे बंद करा!"

डीजे थांबला. नाचणारी पोरं वळून पाहू लागली. "काय झालं ओ मामा?"

"नवरदेवाला खाली घ्या. घोडी अशुभ हाय."

नवरदेवाची आई बायकांतून पुढे आली. तिने भोवरा पाहिला, तिला काय समजलं माहीत नाही, पण तिने तोंडावर पदर घेतला. "लग्नाच्या दिवशी गं माय!"

एक पोरगा म्हणाला, "मामा, आता कोण मानतंय का हे?"

"ह्यो मानतोय की!" मामांनी काठी माझ्याकडे केली. "मानत नसता तर झाकून कामून आणली असती?"

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही नाही.

मामा माझ्यासमोर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांग पोरा. ही आल्यापसून घरात काय झालं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. "अण्णांचा पाय मोडला," मी म्हणालो. "पण तो ट्रॅक्टरखाली." पुढचं कुणी ऐकलंच नाही. बायकांत एकदम गलका झाला आणि नवरदेवाने घाबरून स्वतःच उडी मारली. त्याचा पाय रिकिबीत अडकला, तो लटकला, दोघांनी त्याला ओढून सोडवलं. त्या ओढाताणीत पाखरी एका बाजूला झुकली, आणि मग तिने पुढचे पाय उचलले.

वर स्वरा एकटी होती.

तिची आई किंचाळली. चार हात उजवीकडून तिला ओढायला धावले. स्वराने आयाळ आणखी घट्ट धरली आणि ओरडली, "सोडा! मला मारुतीला जायचंय!" पाखरीचे पाय खाली आले, कान मानेला चिकटले आणि मागचा पाय हलू लागला. माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं येऊन गेलं. लेकरू खाली, वर टापा, आणि मग जमाव माझ्याकडे वळतो आहे.

मला माझा स्वभाव माहीत आहे. भीती वाटली की मी मागे सरतो. त्या वेळीही मी मागे सरलो होतो. पण लगाम मनगटाला गुंडाळलेला होता, मागे जाता येईना. त्यामुळे पुढे जावं लागलं. मी गळ्यातली दस्ती ओढली, पाखरीच्या डोळ्यांवर टाकली आणि टोकं दोन्ही गालपट्ट्यांत खोचली. अंधार झाल्याबरोबर ती थांबली. तिच्या कातडीवर थरथर उठत होती.

"कुणी हात लावू नका," मी म्हणालो. आवाज एवढा बारीक निघाला की तो मामांनाच ऐकू आला असेल. त्यांनी त्यांच्या भरड्या आवाजात तेच सांगितलं. "मागं सरा! हात लावू नका कुणी! पोरीला ओढू नका!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ने तशीच. मारुतीपुढं मोकळं हाय."

मी पाखरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि उलटा चालू लागलो. "बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारचा." तिने एक पाऊल टाकलं. जमीन आहे का पाहिली, दुसरं टाकलं. एवढं मोठं जनावर, चार पायांचं, माझ्यासारख्या घाबरटाच्या भरवशावर अंधारात चालत होतं. तिला दुसरं कुणी नव्हतं. नालांचा आवाज आणि घुंगरांचा आवाज, बाकी काही नाही.

"शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा."

"मग ही कुणाची?" वरून स्वराने विचारलं.

"आमची."

"मग तू शिलेदार?"

मी पुन्हा बारगीर सुरू केलं. पाखरीचा डावा कान वळला होता, तो मला हलू द्यायचा नव्हता.

मारुतीपुढे मामांनी हात पसरले आणि स्वरा आपणहून त्यांच्याकडे गेली. मग मामा काही क्षण तिला छातीशी धरून तसेच उभे राहिले. नवरदेव मागून चालत आला आणि पाया पडला. मला कुणी काही बोललं नाही, मारलं नाही. मी मनातून त्याचीही तयारी ठेवली होती. मामांनी खिशातून गोंडा काढून माझ्या हातात दिला. "जा आता," ते म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. आधी ठरलेले परण्ये एकेक करून गेले. कुणी म्हणालं, आम्ही कार सजवतोय. कुणी फोनच उचलला नाही. अण्णा म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. तवर कुणी न्हाई आलं तर माळेगावला नेऊ तिला." आणि त्यांनी नवे गोंडे शिवायला घेतले.

"विकतानाही झाकणार?" मी विचारलं.

"मला कसं विकलं त्यानं? देवमण चिटकवून," अण्णा म्हणाले. त्यांनी सुईवरची नजर उचलली नाही. "लोकांनी बघितलं तर कोण घेईल, सांग की कॉलेजवाल्या."

मी वीटभट्टीचं बोललो नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

दसऱ्याला मायने पाखरीची पूजा केली, खुरांना हळदकुंकू लावलं. आबा लांब बाजेवर होते. त्याच दुपारी फोन वाजला.

"वळखलं का? बोरीकडचा मामा बोलायलोय." मी ताडकन उभा राहिलो. काहीतरी झालं असणार. नवरदेवाला, स्वराला.

"मामा, सगळं बरं आहे ना?"

"समदं खुशाल हाय. भाच्याच्या घरी गोड बातमी हाय. आन ती पोट्टी, तिला जेवताना बी घोडीचीच गोष्ट लागती. बारगीर आन काय ते. तुझ्या जनावराला वंगाळ म्हणायला मला आता तोंड न्हाई. तुळशीचं लगीन झालं की माझ्या नातवाचं लगीन हाय. घिऊन ये तिला. पर गोंडा बांध. पावण्यांना कशाला दाखवायचं?"

मी हो म्हणायला हवं होतं. अण्णा समोर बसून ऐकत होते. पण तोंडातून निघालं, "मामा, गोंडा नाही बांधणार."

"आरं, कामून?"

"बांधला की मला जास्त भीती वाटते."

फोन कटला असं वाटून मी पाहिलंसुद्धा. मग आवाज आला. "लोक काय म्हणत्याल?"

"तुम्ही असाल ना तिथं."

"लय शाना झालास," मामा म्हणाले. "बरं, ये तशीच. पर कुणी तोंड उघडलं तर मी बघतो. तू मधी बोलू नको, तुला बोलता येत न्हाई."

अण्णांनी शिवत असलेला गोंडा बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मोहरकीवर उरलेला उजवा गोंडाही काढला आणि पाखरीला फाट्यापर्यंत फिरवून आणलं. येताना आबा बाजेवरून म्हणाले, "गोंडा काढला काय आन ठिवला काय. डावीकडून तूच झाकायलास की तिला."

मी पाहिलं. खरंच, माझा खांदा बरोबर तिच्या डाव्या गालाशी येत होता. रस्त्यावरून पाहणाऱ्याला भोवरा दिसतच नव्हता.

"मग उजवीकडून चालू?"

"बिथरंल. उभ्या जन्मात कुणी उजवीकडून धरलं नसंल तिला." आबा म्हणाले. "चालायचंच आसंल तर लगामाला हात घालू नको पैल्यांदा. नुसती मोहरकी धर. आन हळू." ते उठून जवळ आले नाहीत. "आसूढाळ त्यो आसूढाळच," असंही वर म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी तिला उजवीकडून चालवतो. पहिल्या दिवशी ती माझ्या पायावर पाय देऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला कुंपणात ढकललं. तिला वाटतं, आपला माणूस डावीकडे असतो, मग हा कोण? तिचा डावा कान त्या रिकाम्या बाजूला मला शोधत राहतो. उजवा कान सरळ पुढे. मी बोलतो ते तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि न पोचलेलं बोलत राहायला फार एकटं वाटतं. नातवाच्या लग्नात शेकडो माणसं असतील. मामांचं सगळेच ऐकतील असं नाही. अण्णांच्या पायाचं पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, आणि पुन्हा कुणी "ट्रॅक्टर" ऐकणार नाही. याची भीती आहे. पाखरीची आहे. अण्णा खोकले की अजूनही आहे.

हे लिहून संपवतो आहे त्या दिवशी सकाळी आम्ही पोखर्णीच्या रस्त्याला लागलो. देवळाकडे जाणारी एक जीप पाखरीच्या डाव्या बाजूला येऊन हळू झाली. आतल्या बाईने खिडकीतून पाखरीच्या डाव्या गालाकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याला काहीतरी दाखवलं. मी मोहरकी घट्ट धरली आणि बारगीर, शिलेदार सुरू केलं. जीप पुढे गेली. पाखरी दोन पावलं अडखळली, फुरफुरली, आणि तिचा उजवा कान माझ्याकडे वळला.